खटक्याचा चाकू : अवजार कीं हत्यार ?

मनुष्याच्या हातांतील अवजारांत चाकूइतकें जुनें, चाकूइतकें घरगुती आणि तरीहि चाकूइतकें संशयास्पद अवजार दुसरें क्वचितच सांपडेल. तोच चाकू आई मुलाला आंबा चिरून देतांना वापरते, माळी कलम बांधतांना वापरतो, आणि रस्त्यांत कोणी कोणावर उगारला कीं त्याच चाकूचा पंचनामा होतो. पातें एकच, त्याचा गुण वापरणाऱ्याच्या हातावर ठरतो, असें म्हणण्याची वहिवाट आहे. परंतु चाकूंच्या कुळांत एक प्रकार असा आहे कीं, त्याच्या बाबतींत लोकांनीं व कायद्यानें हात न पाहतां चाकूलाच दोषी ठरविलें. तो प्रकार म्हणजे खटक्याचा चाकू. मुठींत कमान दाबून बसविलेली असते, बोटानें खटका दाबला कीं पातें क्षणार्धांत बाहेर येऊन घट्ट बसतें. एवढीच काय ती त्याची करामत. या करामतीचा जन्म कशासाठीं झाला, तिला बट्टा केव्हां व कसा लागला, आणि आज ज्याला असा चाकू संग्रहासाठीं किंवा नित्य वापरासाठीं घ्यावयाचा आहे त्यानें काय पाहून घ्यावें, हा विचार मनोरंजक तर आहेच, पण कायदा व भीति यांचें नातें समजून घेण्यासहि तो उपयोगी आहे.

घडीचा चाकू ही कल्पना फार प्राचीन. रोमन लोकांच्या वसाहतींच्या अवशेषांत कांस्याच्या मुठीचे घडीचे चाकू सांपडले आहेत. परंतु त्यांत पातें नुसतें खिळ्याभोंवतीं फिरे. तें उघडें ठेवणें वा मिटलेलें ठेवणें हें सर्वस्वीं घट्टपणावर अवलंबून असे. या ढिलाईवर तोड निघाली ती मुठीच्या पाठीशीं पोलादाची लवचिक पट्टी बसविण्याची. ही पाठकमान पात्याच्या बुडावर सतत दाब देते, त्यामुळें पातें उघडलें तरी तेथेंच राहतें आणि मिटलें तरी खिशांत आपोआप उघडत नाहीं. सतराव्या शतकांत इंग्लंडांतील शेफील्ड या गांवच्या कारागिरांनीं ही रचना चांगलीच हातीं बसविली होती. शेफील्डचें नांव मात्र त्याहूनहि जुनें. चौदाव्या शतकाच्या अखेरीस चॉसर या कवीनें आपल्या कथाकाव्यांतील एका गिरणीवाल्याच्या मोज्यांत शेफील्डचा चाकू खोंचलेला दाखविला आहे. म्हणजे त्या काळींच त्या गांवचें नांव सांगितलें कीं चाकू डोळ्यांपुढें उभा राहत असे. पुढें १६२४ सालीं पार्लमेंटच्या कायद्यानें तेथील चाकू-कात्री करणाऱ्यांचा संघ स्थापन झाला, आणि कोणीं कोणता शिक्का पात्यावर ठोकावा याची शिस्त लागली.

पातें स्वतःच्या बळानें उघडावयाचें तर कमान उत्तम पाहिजे, आणि उत्तम कमानीसाठीं पोलाद एकजीव पाहिजे. येथें इतिहासांत एक घड्याळजी येतो. डॉन्कॅस्टर गांवचा बेंजामिन हंट्समन हा घड्याळें करीत असे. त्या वेळचें पोलाद कोठें कठीण तर कोठें मऊ असें निघे, त्यामुळें घड्याळाच्या कमानी विश्वासाच्या होत नसत. या अडचणीला कंटाळून तो शेफील्डजवळ येऊन राहिला, आणि १७४० नंतरच्या कांहीं वर्षांत मातीच्या मुशींत पोलाद पूर्णपणें वितळवून ओतण्याची पद्धत त्यानें सिद्ध केली. मौजेची गोष्ट अशी कीं, हें पोलाद फार कठीण म्हणून शेफील्डच्या चाकूवाल्यांनीं प्रथम नाकारलें. तें फ्रान्सांत खपूं लागलें, आणि तेथील चाकू आपल्याहून सरस निघतात असें दिसल्यावर मग शेफील्डकरांचे डोळे उघडले. घड्याळाच्या कमानीसाठीं शोधलेलें हें पोलाद पुढें चाकूच्या पात्याला आणि चाकूच्या कमानीलाहि लाभलें. खटक्याच्या चाकूचे जुने नमुने युरोपांत अठराव्या शतकापासून आढळतात, आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत शेफील्डच्या दुकानांतून ते विकले जाऊं लागले होते. मात्र ते एकेक करून हातानें घडविलेले, हौशी लोकांच्या खिशाला परवडणारे असे होते. सामान्य माणसाच्या हातीं ते यावयास यंत्रयुगाची आणि अमेरिकेची वाट पहावी लागली.

तें काम करणारा पुरुष म्हणजे जॉर्ज श्रेड. १८९० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत त्यानें न्यूयॉर्क शहरांत बटण दाबून उघडणारा चाकू बाजारांत आणला. पुढें तो त्याच राज्यांतील वॉल्डन या लहानशा गांवीं गेला, आणि १९०४ सालीं आपल्या भावांसह त्यानें तेथें चाकूंचा कारखाना काढला. श्रेडच्या कामाचें मर्म हें कीं, त्यानें ही रचना यंत्रावर, एकासारखी एक, हजारोंनीं तयार होईल अशी सोपी केली. शिवाय त्यानें बटणाशेजारीं एक सरकती कडी बसविली. कडी सरकवून ठेवली कीं बटण दाबलें जात नाहीं, आणि चाकू खिशांत अकस्मात् उघडून मांडीला इजा होत नाहीं. ही कडी पाहिली म्हणजे श्रेडच्या मनांत कोणता गिऱ्हाईक होता तें कळतें. खुनी माणसाला कडीची पर्वा नसते; कडी लागते ती दिवसभर चाकू खिशांत बाळगून काम करणाऱ्याला. एका हातांत दोर, जनावराचा कासरा किंवा पेटी धरलेली असतां दुसऱ्या हातानें चाकू काढावयाचा, पात्यावरील खांचेंत नख घालून तें ओढतां ओढतां नख मोडावयाचें, ही रोजची कटकट या बटणानें मिटली. शेतकरी, शिकारी, कारागीर हे त्याचे गिऱ्हाईक. श्रेड पुढें जर्मनींतील सोलिंगेन येथें, चाकूंच्या दुसऱ्या पंढरींत, आपला धंदा मांडावयास गेला होता. पण पहिल्या महायुद्धानें तो बेत उधळला, आणि तो मायदेशीं परतून पुन्हा याच कामास लागला. १९४० सालीं तो वारला, तेव्हां त्याच्या आयुष्याचीं सुमारें पन्नास वर्षें या एका बटणाच्या सुधारणेंत गेलीं होतीं.

याच चाकूची दुसरी घराणेदार शाखा इटलींत वाढली. त्या देशाच्या ईशान्येस, आल्प्सच्या पायथ्याशीं, मनियागो नांवाचें गांव आहे. १४५३ सालीं तेथील सरदारानें व्हेनिसच्या प्रजासत्ताकाकडून कोल्वेरा ओढ्याचें पाणी वळविण्याची परवानगी मिळविली. तें पाणी शेतीसाठीं वळविलें. पण त्याच पाटाच्या जोरावर लोहारांचे घण चालूं लागले, आणि कोयते-कुऱ्हाडी करणारें तें गांव हळूहळू चाकूंचें गांव झालें. विसाव्या शतकांत तेथील खटक्याचा चाकू जगभर गेला. अमेरिकन चाकू आखूड, रुंद पात्याचा, शेतकऱ्याच्या खिशांत शोभणारा. तर इटालियन चाकू लांबट, निमुळता, शिंगाच्या मुठीचा, दोन्ही बाजूंस आडव्या पितळी शिंगोट्या असलेला. त्याचा आकार जुन्या कट्यारीवरून उचललेला. दिसण्यांत तो इतका देखणा आणि इतका भीतिदायक कीं, पुढें या सर्व कुळाला जो बट्टा लागला तो पुष्कळसा या आकारामुळें लागला, असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं. मनियागो येथील जुन्या कारखान्याच्या इमारतींत आज लोहारकामाचें व चाकूंचें संग्रहालय आहे.

मध्यंतरीं या चाकूनें युद्धांत एक कामगिरी बजावली. विमानांतून हवाई छत्रीनें उतरणारा सैनिक झाडाच्या फांदींत अडकला, तर त्याला एक हात दोराला धरून दुसऱ्या हातानें दोर कापावे लागतात. दोन हातांनीं चाकू उघडण्याची सवड त्याला नसते. जर्मन हवाई दलानें यासाठीं १९३७ सालीं एक चाकू स्वीकारला. त्याला कमान नव्हती. मूठ खालीं धरून चाप दाबला कीं पातें स्वतःच्या वजनानें बाहेर घसरे. अमेरिकेनें आपल्या छत्रीधारी सैनिकांना श्रेडच्या घराण्यांतील बटणाचा चाकू दिला, आणि त्यांच्या अंगरख्याला गळ्याशीं त्यासाठीं खास खिसा शिवला. कोणत्याहि एका हातानें तो काढतां यावा हा हेतु. अशा प्रसंगीं हा चाकू शत्रूचा जीव घेण्यासाठीं नव्हे, तर स्वतःचा जीव वांचविण्यासाठीं होता.

आणि तरीहि युद्ध संपून दहा-बारा वर्षें होतात न होतात तोंच हाच चाकू समाजाचा शत्रु ठरला. इटलींतून परतणाऱ्या सैनिकांनीं ते लांबट चाकू आठवण म्हणून आणले. मागोमाग व्यापाऱ्यांनीं ते आयात केले. आणि स्वस्त मालाच्या दुकानांतून ते पोरांच्या हातीं पडले. मोठ्या शहरांतील तरुणांच्या टोळ्यांच्या मारामाऱ्या त्या वेळीं वृत्तपत्रांत गाजत होत्या. १९५० च्या नोव्हेंबरांत अमेरिकेंतील एका लोकप्रिय स्त्री-मासिकानें या चाकूवर, जीव घेणारें खेळणें अशा अर्थाच्या मथळ्याखालीं, लेख छापला. नंतर रंगभूमि व चित्रपट यांनीं तोच धागा उचलला. १९५७ सालीं पडद्यावर आलेल्या ‘ट्वेल्व्ह अँग्री मेन’ या चित्रपटांत तर सगळा खटलाच एका खटक्याच्या चाकूभोंवतीं फिरतो. बासु चॅटर्जी यांनीं १९८६ सालीं केलेल्या ‘एक रुका हुआ फैसला’ या त्याच्या हिंदी अवतारामुळें तो प्रसंग येथील पुष्कळांच्या परिचयाचा आहे. एक पंच म्हणतो, असा चाकू दुसरा कोणाजवळ असणें अशक्य. आणि दुसरा पंच खिशांतून तसाच चाकू काढून टेबलांत रोंवतो. हा चाकू दुर्मिळ व राक्षसी नसून कोपऱ्यावरच्या दुकानांत मिळणारी सामान्य वस्तु आहे, हें सत्य त्या एका कृतीनें उघड होतें.

मराठींत ‘खटका’ या शब्दाला दोन अर्थ आहेत : एक कळ किंवा चाप, आणि दुसरा मनांतील धास्ती. या चाकूच्या बाबतींत पहिल्या खटक्यानें दुसरा उत्पन्न केला. १९५४ सालीं न्यूयॉर्क राज्यानें त्यावर बंदी घातली. १२ ऑगस्ट १९५८ रोजीं अमेरिकेच्या मध्यवर्ती कायद्यानें एका राज्यांतून दुसऱ्या राज्यांत त्याचा व्यापार निषिद्ध केला. या कायद्यांत एक कलम मोठें बोलकें आहे. ज्याला एकच हात आहे अशा मनुष्यानें तीन इंचांपर्यंतच्या पात्याचा खटक्याचा चाकू स्वतःजवळ बाळगल्यास त्याला हा कायदा लागू नाहीं. भीतीच्या भरांत कायदा करणाऱ्या लोकांनाहि या चाकूचें मूळ प्रयोजन विसरतां आलें नाहीं, याची ही कबुलीच नव्हे काय ? एका हातानें काम करणाऱ्यासाठीं ही वस्तु जन्माला आली, आणि सर्वांना ती नाकारतांना कायद्यानें एका हाताच्या माणसापुरती ती राखून ठेविली.

इंग्लंडनें १९५९ सालीं कायदा करून हा चाकू बनविणें, विकणें व आयात करणें बंद केलें. खटका म्हणजे बोटाची फटकार या अर्थी तिकडे त्याचें वेगळें नांव आहे, पण वस्तु तीच. २०१९ च्या कायद्यानें तर तो स्वतःच्या घरांत ठेवणेंहि गुन्हा ठरला, आणि इंग्लंड व वेल्समध्यें २०२१ च्या जुलैपासून त्याचा अंमल सुरू झाला. उलट अमेरिकेंत वारें दुसरीकडे वळलें. २००९ सालीं, पातें हातानें थोडें ढकलल्यावर मग कमानीचें साहाय्य मिळतें अशा चाकूंना मध्यवर्ती कायद्यांतून वगळलें. न्यूयॉर्कमध्यें झटक्यानें उघडणाऱ्या चाकूविरुद्धचा कायदा पोलीस इतका ताणून लावीत कीं, कामावर जाणारे साधे कारागीरहि पकडले जात. तो २०१९ सालीं रद्द झाला. एकाच सालीं एका देशानें फास आवळावा आणि दुसऱ्यानें सैल करावा, यावरून या प्रश्नाचें उत्तर अद्याप कोणासहि पुरतें सांपडलेलें नाहीं हें उघड होतें.

हिंदुस्थानांत या कुळाचा प्रतिनिधि म्हणजे रामपुरी. उत्तर प्रदेशांतील रामपूर हें पूर्वीचें नबाबी संस्थान. तेथील कारागिरांचा चाकू इतका गाजला कीं मुंबईच्या बोलींत ‘रामपुरी’ एवढें म्हटलें कीं पुढें चाकू हा शब्द लावण्याची गरज राहिली नाहीं. हिंदी चित्रपटांनीं या कीर्तींत भर घातली. १९६५ सालच्या ‘वक्त’ चित्रपटांत राजकुमार या नटाच्या तोंडीं असलेलें चाकूविषयींचें वाक्य अजून लोक नकला करून म्हणतात. अपकीर्ति झाली ती गुंडाची, पण पोट मेलें तें कारागिराचें. कायद्याचा बडगा बसला आणि त्या धंद्याला ओहोटी लागली. २०२३ सालीं रामपूर शहराच्या एका चौकांत सुमारें वीस फूट लांबीचा चाकू स्मारक म्हणून उभारला गेला. ज्या वस्तूनें गांवाला नांव दिलें तिची आठवण अखेर चौकांत उभी राहिली.

आपल्याकडील कायदा पाहिला तर १९५९ चा शस्त्र अधिनियम व त्याखालील १९६२ चे नियम यांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याचे चाकू शस्त्रांत धरले. घरगुती, शेतकी, शास्त्रीय व औद्योगिक कामाचे चाकू मात्र वगळले. खटक्याच्या चाकूविषयीं दिल्ली प्रशासनानें १९८० सालीं अधिक कडक अधिसूचना काढली. कमानीचा, गरारीदार वा बटणदार चाकू असेल, आणि त्याचें पातें ७.६२ सेंटिमीटर किंवा अधिक लांब व १.७२ सेंटिमीटर किंवा अधिक रुंद असेल, तर तो तिच्या कक्षेंत येतो. महाराष्ट्रांत १९५१ च्या पोलीस अधिनियमाचें ३७ वें कलम ध्यानांत ठेवावें लागतें. त्याअन्वयें पोलीस आयुक्त वा जिल्हा दंडाधिकारी ठराविक काळापुरतें चाकू, काठ्या इत्यादि वस्तु घेऊन फिरण्यास मनाई करूं शकतात. सणासुदीच्या व निवडणुकीच्या दिवसांत असे हुकूम वारंवार निघतात.

या पार्श्वभूमीवर निवडीचा प्रश्न येतो. संग्रहासाठीं घेणाऱ्यानें आणि वापरासाठीं घेणाऱ्यानें एकच कसोटी लावूं नये. एकाला इतिहास पाहिजे असतो, दुसऱ्याला काम.

संग्राहकानें प्रथम पात्याच्या बुडावरील शिक्का वाचावा. श्रेड बंधूंच्या कारखान्याचा शिक्का तो १९४६ च्या सुमारास दुसऱ्या मालकाकडे गेल्यावर बदलला. म्हणून शिक्का हा चाकूचा जन्मदाखला होय. मग पात्याचा आकार पहावा. पुन्हा पुन्हा सहाणेवर घासून पातें अरुंद झालें असेल, किंवा मुठीच्या खांचेपेक्षां तें आखूड दिसत असेल, तर तें झिजलेलें वा बदललेलें समजावें. इटालियन चाकूंत मिटण्याची युक्ति पहावी. जुन्या नमुन्यांत पातें मिटण्यासाठीं मुठीच्या टोकाशीं एक लहानशी पट्टी नखानें उचलावी लागे. नंतरच्या नमुन्यांत मुठीचें धातूचें टोकच कलवून पातें सुटतें. एवढ्या एका खुणेवरून काळाचा अंदाज बांधतां येतो. मूठ शिंगाची, हाडाची कीं सेल्युलॉइडची, हेंहि तपासावें. सेल्युलॉइड दिसावयास मोहक. परंतु तें जुनें होऊन कुजूं लागलें म्हणजे त्यांतून आम्लाची वाफ निघते आणि शेजारच्या चांगल्या चाकूंचींहि पातीं गंजतात. अशी मूठ असलेला चाकू नेहमीं निराळा, हवेशीर जागीं ठेवावा. जुन्या पात्यावरील काळसर झांक घासून चकचकीत करण्याचा मोह आवरावा. ती झांक गेली कीं चाकूचें वयहि गेलें. आणि पाहुण्यांना दाखविण्यासाठीं पुन्हा पुन्हा खटका दाबूं नये. जुनी पट्टीची कमान मोडली तर तशीच दुसरी मिळणें दुरापास्त असतें.

नित्य वापरासाठीं घेणाऱ्यानें तीन गोष्टी पहाव्या. पहिली, पातें उघडल्यावर तें हलतें कीं काय. दोन बोटांत पातें धरून वरखालीं व आडवें हलवून पहावें. खिळखिळें पातें काम करतांना मिटून बोट कापील. दुसरी, सुरक्षेची कडी. ती नुसती असून भागत नाहीं. ती खिशांत आपोआप सरकणार नाहीं इतकी ताठ, पण अंगठ्यानें सहज हलेल इतकी सुती असली पाहिजे. तिसरी, कमानीची जात. वेटोळ्याची कमान पट्टीच्या कमानीपेक्षां बहुधा अधिक टिकते, म्हणून रोजच्या चाकूला ती बरी. ज्या चाकूचें पातें बाजूनें फिरून उघडतें त्याचीं यंत्रें थोडीं व मजबूत असतात. ज्याचें पातें मुठीच्या तोंडांतून सरळ बाहेर येतें त्याचीं यंत्रें नाजूक, आणि त्यांत धूळ वा फळाचा चीक शिरला तर तीं अडतात. आंबा-पेरू चिरणाऱ्याला पहिला प्रकारच बरा. पातें आखूड असावें. तीन इंचांच्या आंतील पात्यानें दोर, कागद, फळ, पेटीचा बंद हीं सारीं कामें निभतात.

पण या तिन्हींच्या आधीं एक चौथी गोष्ट येते, ती ही कीं, अशा चाकूची आपणांस खरोखर गरज आहे काय. ज्याचे दोन्ही हात मोकळे असतात त्याला साधा पाठकमानीचा चाकू तितकेंच काम देतो, आणि पोलिसांच्या नजरेंतहि तो खुपत नाहीं. शिडीवर चढलेला तारवाला, होडींतला कोळी, एक हात अधू झालेला कारागीर यांची गोष्ट वेगळी. त्यांना ही कमान म्हणजे दुसरा हात होय. मात्र गरज खरी असली म्हणून कायदा सुटत नाहीं. आपल्या शहरांतील नियम विचारूनच असा चाकू घराबाहेर न्यावा. संग्राहकानेंहि तेंच करावें, आणि मुलांच्या हातीं तो पडणार नाहीं अशी व्यवस्था ठेवावी.

इतिहासाकडे पाहतां खटक्याच्या चाकूनें केलेला खरा अपराध कोणता, असें विचारलें तर उत्तर देणें कठीण जातें. साध्या सुऱ्यानें होणारे खून त्याच्या आधींहि होत होते आणि त्याच्यावर बंदी आल्यावरहि थांबले नाहींत. परंतु त्याच्या उघडण्यांत जो अचानकपणा आहे, तो आवाज, तें क्षणांत चमकणारें पातें, त्यानें मनांत धडकी भरते, आणि ज्याला धडकीच भरवावयाची असते त्याला नेमकें तेंच पाहिजे असतें. अवजाराची सोय आणि हत्याराची दहशत या दोन्ही एकाच कमानींत वसल्या आहेत. त्यांतील एक ठेवून दुसरी काढून टाकणें कोणाहि कारागिराला साधलें नाहीं आणि कोणत्याहि कायद्याला साधलें नाहीं. म्हणूनच ज्याच्या हातीं असा चाकू येतो त्याच्यावर साध्या चाकूपेक्षां अधिक जबाबदारी येते. श्रेडनें बटणाशेजारीं बसविलेली ती लहानशी कडी खिशांत पातें उघडूं देत नाहीं; मनुष्याच्या मनालाहि तशीच एक कडी असली पाहिजे, आणि ती बसविण्याचें काम ज्याचें त्यानेंच करावयाचें असतें.